गेरू लावलेले दगड

ज्या गावाबद्दल हे लिहीत आहे त्याचे नाव इथे दिलेले नाही. ते कन्हेरीच्या पुढे, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ आहे, एवढी माहिती पुरेल. नाव गाळण्याची सूचना गावाचीच. फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या माळावर फिरू लागल्या, तर ज्याला पाहायला ते येतील तोच चाकाखाली सापडेल, असे तिथल्या लोकांचे म्हणणे पडले. ते मला पटले.

जाण्याचे कारण एक सरडा. शेपटीसकट जेमतेम वीतभर. रंग मातीचा, पाठीवर गडद चौकटी. मागच्या पायाला चारच बोटे, घरच्या कुंपणावरच्या सरड्याला पाच असतात. वर्षातले बरेच महिने तो समोर असूनही दिसत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाआधीच्या काही आठवड्यांत, नर एखाद्या उंच दगडावर चढतो आणि गळ्याखाली घडी घालून ठेवलेली कातडी पंख्यासारखी उघडतो. कोरड्या गवताचे आणि खडकाचे उघडे माळ सोडून तो फारसा कुठे राहत नाही.

हे मला फोनवर नलिनीने सांगितले. नलिनी माझी कॉलेजातली मैत्रीण. बारामतीत प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. मी चिपळूणची, अर्धे आयुष्य वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करण्यात गेले. “एकदा स्वतः येऊन बघ,” ती म्हणाली, “आणि याच महिन्यात ये. पुढच्या वर्षी माळ राहील का, सांगता येत नाही.”

कन्हेरीच्या पुढे

बारामतीहून निघाल्यावर बराच वेळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. उसात ठिबकच्या नळ्या, बांधावर मोटारीची खोकी, मधूनमधून नवे बंगले आणि बंगल्यांपुढे ट्रॅक्टर. कालव्याचे पाणी जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत हा हिरवा पट्टा. मग जमीन थोडी चढते आणि ऊस एका रेषेवर थांबतो. रेषेच्या अलीकडे पाणी, पलीकडे माळ. मधे काहीच नाही, एखादे बाभळीचे झुडूपसुद्धा नाही.

दुपारचे साडेतीन वाजले होते. नलिनीने स्कूटर थांबवली. समोर पिवळे, गुडघ्याखालचे गवत, काळे-तांबूस दगड, उतारावर उघडा पडलेला खडक आणि वर आभाळ. मी म्हटले, “इथे तर काहीच नाही.”

पुढे जे घडले त्यात हेच वाक्य आरोपी ठरले, म्हणून मी ते उच्चारले होते याची नोंद इथे करते.

आमच्याकडे मोकळ्या जमिनीचा अर्थ झाड तोडलेली जमीन असा होतो. कोकणात वाढलेल्या माणसाचा डोळा पहिल्यांदा झाड शोधतो. ते सापडले नाही की जागेचे काहीतरी बिघडले आहे असे त्याला वाटते. इथे काही बिघडलेले नव्हते. हे समजायला मला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

एक गोष्ट मात्र लगेच दिसली. माळावर ओळीने, सारख्या अंतरावर, चुन्यात बुडवलेले पांढरे दगड मांडले होते. पलीकडच्या ओढ्यापर्यंत ओळीच ओळी. त्यांपैकी काही दगडांवर लाल ठिपका होता. नारळाला कुंकू लावतात तेवढा, पण अधिक गडद.

दगडांच्या ओळींच्या टोकाला चौदा मेंढ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागे, डोक्यावर पदर घेऊन, एक बाई उभ्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे. नलिनीला पाहून त्यांनी काठी बगलेत धरली.

“आल्या का कोकणच्या ताई? भलत्या टायमाला आला की वो. ह्या उन्हात नवरदेव भाईर न्हाय पडत.”

या सुभद्राबाई. घरात पूर्वी दोनशे मेंढरे होती. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे, असे त्यांच्या सासऱ्यांपर्यंत चालले. आता कुटुंबाकडे थोडा ऊस आहे, धाकटा मुलगा शेती पाहतो आणि थोरला वालचंदनगरला फिटर आहे. चौदा मेंढ्या त्यांनी हट्टाने ठेवल्या आहेत. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत.

“नवरदेव म्हणजे?” मी विचारले.

“सरडा वो. फेटा बांधल्यावानी गळा फुगिवतो, मान हालिवतो, बायकू बघाया उंचावर बसतो. मग नवरदेवच की!”

पांढऱ्या दगडांचे कारण विचारल्यावर त्यांनी मेंढ्यांकडे पाहिले. मग सांगितले. हे दगड खड्ड्यांच्या खुणा आहेत. माळावर झाडे लावायचा ठराव गावाने गेल्या वर्षी केला. रोपे येणार आहेत. तीन दिवसांनी ग्रामसभा. तिथे शेवटची मंजुरी मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी माळावर चढणार.

“आणि तुमचा त्याला विरोध आहे.”

“आता हाय,” सुभद्राबाई म्हणाल्या. “ठराव म्याच मांडलाय. सूचक म्हणून माजंच नाव हाय तितं.”

सुभद्राबाईंचे घर

राहण्याची सोय त्यांच्याकडेच झाली. जेवायला हुलग्याची शेंगोळी, ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. बाजरी उन्हाळ्यात कोणी खात नाही, उष्ण पडते. आमच्याकडे कुळथाची पिठी करतात, तीही पातळ आणि भाताबरोबर. त्याच कडधान्याचे हे लसणात शिजवलेले वेटोळे पहिल्या घासाला तिखट आणि तिसऱ्या घासाला सवयीचे वाटले. चहा मेंढीच्या दुधाचा होता. दाट, आणि पिऊन झाल्यावर ओठांवर राहणारा.

ओट्यावर त्यांचे थोरले दीर बसले होते. गाव त्यांना तात्या म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, कळपामागे चाललेल्या पिढीतले शेवटचे. सुभद्राबाई त्यांच्यासमोर पदर आणखी पुढे ओढतात आणि तात्या त्यांना ‘मेंबरीणबाई’ म्हणतात. दोघांचे भांडण या अंतरावरून चालते आणि त्यामुळे ते जास्त मजेदार होते.

“इचारा मेंबरीणबाईला,” तात्या मला म्हणाले, “झाडाचं खूळ कुठनं आणलं.”

“वालचंदनगरासनं आणलं,” सुभद्राबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. “आता दरवेळी माज्या तोंडनं वदवून घ्यायचं का तात्या?”

गोष्ट अशी. गेल्या उन्हाळ्यात त्या मुलाकडे क्वार्टरमध्ये आठ दिवस राहिल्या. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी, मोठी झाडे आहेत. दुपारी बायका खाली बसून शेंगा फोडतात. सुभद्राबाईंना वाटले, आपला जन्म उन्हात गेला, निदान गावाला तरी अशी सावली असावी. परत आल्या आणि ग्रामसभेत उभ्या राहिल्या. माळ रिकामाच पडला आहे, तिथे झाडे लावू, असे म्हणाल्या. टाळ्या पडल्या. पंचायतीत निवडून आल्यापासून त्यांच्या बोलण्यावर पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

“मग मत कधी बदलले?”

“दगडं मांडली तवा.” त्यांनी भाकरी तव्यावर उलटली. “शिमग्यानंतर पोरांनी चुना लावून दगडं ठिवली. चैत सरला आन बगते तर काय, एकेका पांढऱ्या दगडावर एकेक नवरदेव. त्येला काय ठावं, ही त्येच्या थडग्याची खूण हाय. त्यो आपला उंच दगड गावला म्हणून खूश. मला भाकरी ग्वाड लागंना.”

तात्यांनी मग आपल्या घराण्यातला नियम सांगितला. कळप माळावर बसवताना मेंढरांभोवती जाळे लावतात, त्याला वाघर म्हणतात. वाघरीच्या खुंट्यांना आधार म्हणून भोवतालचे दगड उचलून लावायचे. मात्र या दिवसांत ज्या दगडावर नवरदेव बसलेला दिसेल, तो दगड उचलायचा नाही. दुसरा शोधायचा.

“का?”

“का म्हंजी? त्यो जितं बसतो तितं पाऊस पडल्याव पवन्या पयला फुटतो. मारवेल फुटतो. मेंढरू गवत खातं, आन गवत ह्याच्या शेजाराला ऱ्हातं. आमच्या आज्यानं सांगितलं, आमी ऐकलं. मेंबरीणबाईच्या सासऱ्यानं बी ऐकलं. मेंबरीणबाई शिकल्याली.”

“चौथी,” सुभद्राबाई म्हणाल्या. “तेवढ्यानंच घात केला.”

नलिनीने यात एवढीच भर घातली की, या सरड्याला ऊन आणि उघडी जमीन लागते. झाडांची सावली वाढली, खालचे गवत गेले की तोही जातो. रोपे वाईट नाहीत, जागा चुकीची आहे.

शास्त्रज्ञांनी या गटातल्या काही सरड्यांच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग मराठीतल्या ‘सरडा’ याच शब्दावरून ठेवला आहे, हे नलिनीने सांगितले तेव्हा तात्यांनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावले.

“सगळ्या जगात त्याला सरडाच म्हणत्यात?”

“पुस्तकात तरी.”

“बगा. साहेब लोक बी आमचंच बोलाया लागलं.” आणि ते समाधानाने भिंतीला टेकले.

माळावर, सकाळी सव्वाआठ

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच गेलो. सुभद्राबाईंनी एक अट घातली: हिंडायचे नाही, बसायचे. मी जो दगड बसायला निवडला त्यावरून त्यांनी मला हाताला धरून उठवले. “ताई, ही जागा दुसऱ्याची हाय.” मग मी जमिनीवर बसले आणि अर्ध्या तासात कुसळी गवताच्या टोकदार बिया साडीतून मांडीपर्यंत पोचल्या. इथल्या बायका माळावर जाताना जुनी, जाड साडी का नेसतात ते समजले. त्या बिया काढायला दुपार गेली.

सव्वाआठला, ज्या दगडावरून मला उठवले होते, त्याच्या कडेला काहीतरी हलले. सरडा वर चढला. पुढच्या पायांवर अंग उचलून त्याने चारी दिशांना पाहिले. मग गळ्याखालची घडी उघडली.

पुढे निळा. त्यामागे काळा. काळ्यामागे विटकरी-नारिंगी, पोटापर्यंत गेलेला. एका क्षणात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. सूर्य त्याच्या मागे होता, त्यामुळे तो पातळ पडदा आतून पेटल्यासारखा दिसला. मातीच्या रंगाच्या जनावराने एवढे रंग कुठे ठेवले होते, असा प्रश्न मला पडला, आणि त्याचबरोबर काल दुपारी मी बोललेले वाक्य आठवले.

वीस पावलांवरच्या पांढऱ्या दगडावरून दुसऱ्याने उत्तर दिले. मग तिसऱ्याने. पहिला खाली उतरला आणि शेजारच्याच्या हद्दीकडे धावला. धावता धावता पुढचे पाय उचलून काही अंतर मागच्या दोनच पायांवर गेला. सुभद्राबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

“बगा कसा धावतोय. धोतर हातात धरून पळाल्यावानी.”

नेमकी जात कोणती, हे नलिनीने सांगितले नाही. त्यासाठी जवळून पाहून खवले मोजावे लागतात आणि जनावर हातात घ्यायची तिची तयारी नव्हती. मीही इथे ते लिहीत नाही.

पांढऱ्या दगडावरचा सरडा उतरल्यावर सुभद्राबाई उठल्या, कमरेच्या पिशवीतून गेरूची पुडी काढली, बोट ओले केले आणि त्या पांढऱ्या दगडावर लाल ठिपका दिला. मेंढी आपली आहे हे ओळखण्यासाठी तिच्या पाठीवर गेरू लावतात, तीच रीत. ज्या खुणेवर नर बसलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तिलाच ठिपका. ऐकीव नाही, अंदाजाने नाही. आठ दिवस त्या रोज सकाळी हे करत होत्या. अशी शिस्त मी बातमीदारीत फार थोड्यांकडे पाहिली आहे.

निमगाव केतकीचा बाजार

गेरू संपला म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी एसटीने निमगाव केतकीला गेलो. बाजाराचा दिवस होता. कांदा, लसूण, डाळिंबे, दोर, विळे, कोंबड्या. गेरूचे दुकान ओळखीचे.

“मावशी, गेल्या हप्त्यात तर नेलाय,” दुकानदार म्हणाला. “मेंढरं वाडिवली का काय?”

“व्हय. दगडाची वाडिवली.”

“दगडाची मेंढरं? दूध किती देत्यात?”

“तुज्या म्हशीपेक्षा जास्तच. निदान पाणी न्हाय घालत.”

दुकानदार हसला, मग त्याने गंभीर होऊन विचारले, “त्या माळाचं हाय का? सरपंच म्हनत हुतं, मावशी गावाचं नाव घालिवणार.” सुभद्राबाईंनी पुडी पिशवीत टाकली आणि त्या एसटीकडे वळल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला जे सांगितले ते असे. रोपे परत पाठवली तर गावाला पुन्हा मिळतील की नाही कोणास ठाऊक. सरपंच दिगंबरराव माणूस वाईट नाही, त्याने यासाठी हेलपाटे घातले आहेत. आणि सभेत बाईने ‘माझे चुकले’ म्हटले, की पुढे कुठल्याही गोष्टीवर तिचे कोणी ऐकत नाही. पुरुषाने म्हटले तर मोठेपणा, बाईने म्हटले तर ‘बगा, म्हटलं नव्हतं?’ पुढच्या वर्षी त्यांना गावच्या पाण्याच्या टाकीसाठी भांडायचे होते. ते सगळे सभेच्या सकाळवर अवलंबून होते.

“तुमी पेपरात लिव्हा म्हणून न्हाय सांगत,” त्या म्हणाल्या. “सभा झाल्याव लिव्हा. आदी लिव्हलं तर म्हणत्याल, भाईरच्यांनी शिकिवलं.”

म्हणून हे आता लिहीत आहे.

ग्रामसभा

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला समाजमंदिरात सभा भरली. मे महिन्यात सभा लवकरच घेतात. साठ-सत्तर माणसे, बायका डाव्या बाजूला, सतरंजीच्या कडेला. ग्रामसेवकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, गेल्या वर्षीचा ठराव वाचला: “सदर माळ रिकामा व पडीक असून वृक्षलागवडीस योग्य आहे. सूचक, सुभद्राबाई.” आणि अंतिम मंजुरीसाठी हात वर करायला सांगितले.

सुभद्राबाई उभ्या राहिल्या. तात्या पुढे बसले होते म्हणून पदर नाकापर्यंत.

“ह्यातला एक शब्द खोटा हाय. रिकामा. त्यो म्या सांगितला हुता. माजं चुकलं.”

मागून कोणीतरी हसले. दिगंबरराव म्हणाले, “मेंबरीणबाई, गेल्या साली झाडं पायजेत म्हणून भांडलात, औंदा नगं म्हणून भांडता. गावानं करायचं काय?”

“गेल्या साली चुकले, औंदा सुधारते. दरसाल त्येच चुकायचं का?”

आता हशा दुसऱ्या बाजूने आला. त्या थांबल्या नाहीत. झाडे परत पाठवा असे त्यांचे म्हणणे नव्हते. शाळेभोवती, स्मशानाच्या रस्त्याला आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना त्या स्वतः चालून आल्या होत्या. रोपे तिथे मावतात. तिथे सावली माणसाच्या उपयोगाची. माळ सोडा.

“सरड्यासाठी?” एका तरुण शेतकऱ्याने विचारले. “काकू, सरडं काय माज्या उसात बी हायती.”

“ह्यो न्हाय. ह्यो उसात ऱ्हात न्हाय. चला, दाखिवते. आता कवळं ऊन हाय, चढल्याव उतरंल त्यो.”

दिगंबररावांनी घड्याळ पाहिले, गावाकडे पाहिले आणि चप्पल घातली. सभा उठून माळाकडे निघाली. माझ्या नोंदीत वेळ आहे: नऊ वाजून पाच मिनिटे.

साठ माणसे माळावर चढली तेव्हा अर्थातच तिथे काहीही नव्हते. पायांचा आवाज, बोलणे, एकाच्या मोबाईलवर वाजणारे गाणे. पांढरे दगड रिकामे. लाल ठिपके उन्हात दिसत होते आणि त्यांवर कोणी बसलेले नव्हते. लोक दगडांमधून हिंडू लागले, एकाने काठीने गवत झोडपले. “काकू, नवरदेव रुसलं जनू,” कोणी म्हणाले. सुभद्राबाईंचा चेहरा मला पदराआड दिसत नव्हता. हात दिसत होता. पिशवीची दोरी मुठीत घट्ट होती.

तेव्हा तात्या बोलले. आवाज मोठा नव्हता, पण कळप वळवणाऱ्या माणसाचा होता.

“ए, खाली बसा. समदी. मेंढरू बी तुमच्यापरीस श्याणं, बस म्हनल्याव बसतं.”

आणि ते स्वतः खांद्यावरचे घोंगडे टाकून बसले. आधी म्हातारे बसले, मग बायका, मग नाइलाजाने बाकीचे. दिगंबरराव पांढऱ्या पँटसह गवतात बसले. गाणे बंद झाले. साठ माणसांचे गाव एका माळावर गप्प बसलेले मी प्रथमच पाहिले. कीर्तनातही एवढी शांतता नसते.

पाच मिनिटे गेली. सहा. दूर चरणारी एक मेंढी शिंकली.

दिगंबररावांच्या समोर, सात-आठ हातांवर, लाल ठिपक्याच्या दगडावर सरडा चढला. त्याने समोरच्या सरपंचाकडे पाहिले, मान दोनदा खालीवर केली आणि गळा उघडला. निळा, काळा, नारिंगी. त्याच्यामागच्या ओळीत दुसरा चढला. उजवीकडे तिसरा, चौथा. चुन्याच्या ओळींवर, जिथे जिथे गेरू होता तिथल्या एकेका दगडावर, रंग उघडू आणि मिटू लागले. सुभद्राबाईंनी ठिपका चुकीच्या जागी दिला होता असे एकदाही झाले नाही.

“आयला,” तो तरुण शेतकरी हळूच म्हणाला. “हे आपल्या गावात हाय?”

“तुज्या पणज्याच्या आदीपासनं,” तात्या म्हणाले.

कोणी उठायला तयार नव्हते. एका आजीने नातसुनेला दंडाला धरून दाखवले, “बग, त्या दगडावरचा. असाच मला लग्नाच्या साली दिसला हुता.” शेवटी ऊन चढले, सरडे एकेक करून गवतात उतरले आणि दिगंबरराव कुसळे झटकत उभे राहिले. ते सुभद्राबाईंकडे वळले.

“आवो, ह्ये गेल्या साली का न्हाय सांगितलं?”

“गेल्या साली तुमी टाळ्या वाजिवल्या,” त्या म्हणाल्या. “ऐकू आलं न्हाय.”

ते मोठ्याने हसले. हसणारा पहिला माणूस तेच होते, हे नमूद केले पाहिजे.

ठराव तिथेच, माळावर, भाऊसाहेबांनी मांडीवर रजिस्टर ठेवून दुरुस्त केला. रोपे शाळा, स्मशानाचा रस्ता आणि ओढ्याला. माळावर यंत्र नेऊ नये. मग ते अडले. “रिकामा व पडीक खोडलं. त्या जागी काय लिहू? जमिनीचं वर्णन द्यावं लागतं.”

सगळ्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिले. त्यांनी पदर थोडा मागे घेतला, तात्या समोर असूनही.

“लिव्हा. राबता माळ.”

राबता म्हणजे ज्यात वस्ती आहे, ये-जा आहे, असा. घराबद्दल हा शब्द वापरतात. भाऊसाहेबांनी तो लिहिला. सूचक म्हणून पुन्हा त्यांचेच नाव पडले. सही त्यांनी सावकाश, पूर्ण नावाने केली आणि तात्यांनी, तिकडे न पाहता, म्हटले, “चौथी पास झाली एकदाची.”

निघताना

पाचव्या दिवशी सकाळी नलिनी मला न्यायला आली. जेसीबी ओढ्याच्या काठाला लागलेला दूरवरून ऐकू येत होता. माळावर वीसेक माणसे होती. खड्ड्यांच्या खुणांची आता गरज नव्हती. चुन्याचे दगड लोक आपापल्या बांधाला न्यायला आले होते. चांगले, हातात बसणारे दगड इथे कोणी वाया घालवत नाही.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत होते. बायका पाटीत दगड भरत होत्या. तो तरुण शेतकरी दोन्ही हातांत एकेक घेऊन ट्रॅक्टरकडे जात होता. दिगंबररावही आले होते. त्यांनी वाकून एक मोठा दगड छातीशी उचलला, चार पावले टाकली आणि थांबले. दगड फिरवून पाहिला. छातीला टेकलेल्या अंगाला गेरूचा ठिपका होता.

आजूबाजूला सुभद्राबाई नव्हत्या, तात्याही नव्हते. दिगंबरराव चार पावले मागे गेले, गवतात उमटलेली जागा शोधली आणि दगड होता तसा, ठिपका वर करून, ठेवला. मग हात झटकून त्यांनी दुसरा शोधला.